लाइट जाऊन आली की कॅमेरे हरवतात, ते कशामुळे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. चिपळूणजवळच्या घरी आई-बाबा दोघंच असतात, तुम्ही पुण्यात. घराला चार आयपी (नेटवर्कवरून चित्र पाठवणारे) कॅमेरे आणि एक रेकॉर्डर आहे. खाली फायबरवाल्यांनी दिलेला राऊटर, आणि वरच्या मजल्यावर रेंज मिळेना म्हणून तुम्ही विकत आणलेला दुसरा राऊटर. लाइट जाऊन आली की एक-दोन कॅमेरे रेकॉर्डरवर काळे पडतात. कधी अंगणातला, कधी मागच्या पडवीतला. मग माणूस बोलवायचा, तो शिडी लावून वायर काढून परत घालतो, चित्र येतं, पैसे घेऊन जातो. आणि पुढच्या वादळात पुन्हा तेच. तुम्ही विचारलंय, हे कॅमेरे काढून सगळे वायफायचे घ्यावेत का.

नका घेऊ. तुमच्या कॅमेऱ्यांना काही झालेलं नाही. जाता जाता तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टींत उत्तर आहे. एक, वरच्या राऊटरला खालून आलेली वायर त्याच्या पिवळ्या, म्हणजे लॅन (घरातल्या उपकरणांसाठीच्या) पोर्टमध्ये घातलेली आहे. दुसरी, बाबांच्या फोनवर कधीकधी वायफाय पूर्ण दिसतं पण व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, आणि वायफाय बंद करून चालू केलं की चालतं. तुम्हाला हा वेगळा त्रास वाटला. माझ्या मते दोन्ही त्रासांचं मूळ एकच आहे: तुमच्या घरात नेटवर्कचे पत्ते (प्रत्येक उपकरणाला ओळखायचा आकडा) वाटणारे दोन राऊटर आहेत.

प्रत्येक कॅमेरा, फोन, रेकॉर्डर चालू झाला की नेटवर्कवर हाक मारतो, “मला पत्ता द्या.” राऊटरमधला डीएचसीपी नावाचा भाग ती हाक ऐकून पत्ता देतो. खालचा राऊटर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते देतो, वरचा १९२.१६८.० ने सुरू होणारे. वायर लॅन पोर्टमध्ये असल्यामुळे दोघंही एकाच नेटवर्कवर बसलेत आणि दोघांनाही प्रत्येक हाक ऐकू जाते. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता लागतो. आता लाइट आल्यावरची पहिली दोन-तीन मिनिटं डोळ्यांसमोर आणा. फायबरचा डबा, म्हणजे खालचा राऊटर, उठायला वेळ घेतो. वरचा साधा राऊटर त्याच्या बराच आधी तयार होतो. त्या मधल्या वेळात ज्या कॅमेऱ्याने हाक मारली त्याला वरच्याने १९२.१६८.०.काहीतरी देऊन टाकलं. रेकॉर्डर मात्र त्याला १९२.१६८.१ मध्ये शोधतोय. कॅमेरा भिंतीवर ठणठणीत चालू आहे, रात्री त्याचे लाल दिवेही लागतात, फक्त रेकॉर्डरला तो सापडत नाही. बाबांच्या फोनचंही तेच. वरच्या राऊटरने पत्ता दिला की फोन इंटरनेटसाठी त्याच्याकडेच जातो, आणि त्याच्या इंटरनेटच्या पोर्टमध्ये तर काहीच घातलेलं नाही.

तो शिडीवाला वायर काढून घालतो तेव्हा दोन्ही राऊटर जागे असतात. कॅमेरा नव्याने हाक मारतो, बहुतेक वेळा खालचा राऊटर जिंकतो आणि चित्र येतं. म्हणून सगळ्यांना वाटतं की जोडणी सैल होती. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत असे किती आरजे-४५ (वायरीच्या टोकाचे प्लग) पुन्हा पंच केले असतील! त्यातल्या बऱ्याच घरी दोष वायरीत नव्हताच, हे नंतर कळलं.

तर पहिलं काम वरच्या राऊटरचं. एखाद्या शनिवारी घरी गेलात की लॅपटॉप घेऊन बसा. खालून आलेली वायर वरच्या राऊटरमधून काढा आणि लॅपटॉप त्याच्या लॅन पोर्टला जोडा. त्याच्या पानावर जा, पत्ता १९२.१६८.०.१ असेल, डब्याच्या पाठीवर छापलेला असतो. त्यात “अ‍ॅक्सेस पॉइंट मोड” असेल तर तो निवडा, काम झालं. फक्त वायर कुठल्या पोर्टात घालायची ते त्या मॉडेलच्या माहितीत बघा. तो मोड नसेल तर क्रम महत्त्वाचा आहे: आधी त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, सेव्ह करा, नव्या पत्त्यावर परत लॉगिन करा, मग डीएचसीपी बंद करा आणि शेवटी खालची वायर लॅन पोर्टमध्येच परत घाला. डीएचसीपी आधी बंद केलात तर पुढची पायरी करायला लॅपटॉपलाच पत्ता मिळत नाही आणि अर्धा तास त्यात जातो. एवढं झालं की तो राऊटर पत्ते वाटायचं सोडून फक्त वायफाय देईल. नुसत्या याच बदलाने तुमचा निम्म्याहून जास्त त्रास संपेल असं मला वाटतं.

दुसरं काम, प्रत्येक कॅमेऱ्याला कायमचा पत्ता. एकच राऊटर पत्ते देत असला तरी कोणाला कोणता दिला याची यादी बरेच घरगुती राऊटर लाइट गेली की विसरतात. काल अंगणातल्या कॅमेऱ्याला जो पत्ता होता तो आज आईच्या फोनला मिळू शकतो. त्यावर उपाय म्हणजे राखीव पत्ता. राऊटरच्या पानावर त्याला “अ‍ॅड्रेस रिझर्वेशन” किंवा “स्टॅटिक डीएचसीपी” म्हणतात. प्रत्येक कॅमेऱ्याच्या स्टिकरवर बारा अक्षर-आकड्यांचा मॅक पत्ता छापलेला असतो, तो कारखान्यातून येतो आणि बदलत नाही. राऊटरला सांगायचं की हा मॅक दिसला की हाच पत्ता दे. मी साधारणपणे रेकॉर्डरला १९२.१६८.१.१०, आणि कॅमेऱ्यांना ११, १२, १३, १४ देतो, फाटकाकडून सुरुवात करून घड्याळाच्या काट्यासारखं घराभोवती फिरत. मग फोनवरून कोणी “बारा नंबर दिसत नाही” म्हणालं की तो कुठला कॅमेरा हे मला कागद न बघता कळतं. काही राऊटरना राखीव पत्ता त्यांच्या वाटपाच्या मर्यादेतलाच लागतो. तसं असेल तर १११ पासून सुरू करा, नेम तोच ठेवा. आणि हे आकडे पडद्यावर भरताना इंग्रजी अंकांतच भरायचे.

इथे तुम्ही विचाराल, कॅमेऱ्याच्या आतच पत्ता पक्का करून टाकला तर? पुष्कळ जण तसं करतात आणि मोठ्या इमारतीत, कारखान्यात ते योग्यही आहे. घरासाठी मी ते टाळतो. फायबरवाले कधीतरी डबा बदलतात. नव्या डब्याचं नेटवर्क १९२.१६८.१ असेलच असं नाही, जिओचा डबा १९२.१६८.२९ वापरतो. तसं झालं की आत पक्के पत्ते असलेले चारही कॅमेरे एका झटक्यात बेटं होतात आणि एकेकाला लॅपटॉप जोडून बाहेर काढावं लागतं. पत्ते राऊटरमध्ये राखीव असतील तर नव्या डब्याकडूनही कॅमेऱ्यांना काहीतरी पत्ता मिळतो, ते राऊटरच्या यादीत दिसत राहतात, आणि राखीव यादी एकाच पानावर पुन्हा भरून रेकॉर्डरवरचे पत्ते बदलले की झालं. ते पान तुम्ही पुण्यातून, बाबांच्या लॅपटॉपवर पडदा शेअर करूनसुद्धा भरू शकता. अपवाद एकच. काही जुने कॅमेरे थोडा वेळ पत्ता मिळाला नाही की हट्टाने कारखान्याच्या पत्त्यावर जाऊन बसतात, १९२.१६८.१.६४ किंवा १९२.१६८.१.१०८ अशा. असे दोन सारखे कॅमेरे एकाच पत्त्यावर बसले की दोघांचंही चित्र तुटक येतं. तसा कॅमेरा निघाला तर फक्त त्याला आत पक्का पत्ता द्या आणि तोच पत्ता राऊटरमध्येही राखून ठेवा.

हे सगळं करताना शिडीवर चढायची गरज नाही. लावलेल्या कॅमेऱ्याचा मॅक राऊटरच्या “जोडलेली उपकरणं” यादीत दिसतो. कोणता कुठला ते कळत नसेल तर नेटवर्क स्विचवरची (सगळ्या कॅमेऱ्यांच्या वायरी जिथे येतात तो डबा) एकेक वायर अर्धा मिनिट काढून कोणती ओळ गायब होते ते बघा. नवीन कॅमेरा लावणार असाल तेव्हा मात्र माझा नियम ऐका: आधी जेवणाच्या टेबलावर सगळं करायचं. डबा उघडायचा, दोन हात वायरीने स्विचला जोडायचा, स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढायचा (भिंतीवर गेल्यावर तो स्टिकर भिंतीच्या बाजूला जातो), पासवर्ड घालायचा, पत्ता राखायचा, रेकॉर्डरवर चित्र आलं की मार्करने कॅमेऱ्याच्या बुडावर नंबर लिहायचा. मग ड्रिल मशीन. टेबलावर दहा मिनिटांचं काम पत्र्याखाली, उन्हात, एका हाताने शिडी धरून तासभर खातं.

रेकॉर्डरवर प्रत्येक चॅनल उघडून “प्लग अँड प्ले” ऐवजी “मॅन्युअल” निवडा आणि राखलेला पत्ता, वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड स्वतः घाला. कॅमेरे आणि रेकॉर्डर वेगळ्या कंपन्यांचे असतील तर प्रोटोकॉलमध्ये ऑनव्हिफ निवडायचं. अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये सुरू केलेला हा सामाईक मानक आहे, आणि त्यामुळे एकाचा कॅमेरा दुसऱ्याच्या रेकॉर्डरशी बोलतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत ऑनव्हिफसाठी वेगळा वापरकर्ता बनवावा लागतो आणि लोक तिथेच अडकतात. मुख्य पासवर्ड बरोबर असूनही “पासवर्ड चुकीचा” येतं, त्याचं कारण हेच. तरी शंका असली तर लॅपटॉपवर व्हीएलसी (व्हिडिओ बघायचा प्रोग्राम) उघडून कॅमेऱ्याचा आरटीएसपी, म्हणजे थेट चित्राचा, पत्ता घालून बघा, पोर्ट ५५४. तिथे चित्र आलं तर कॅमेरा आणि वायर दोन्ही निर्दोष, गडबड रेकॉर्डरच्या भरलेल्या माहितीत.

आता वायफायच्या कॅमेऱ्यांबद्दल. तुमचं घर जांभ्या चिऱ्याचं आहे. त्या जाडजूड भिंतीतून, आणि पावसाळ्यात ती ओली असताना, वायफाय किती पलीकडे जातं ते तुम्हीच अनुभवलंय, म्हणून तर दुसरा राऊटर आणलात. कॅमेरा चोवीस तास चित्र पाठवतो. फोनला अधूनमधून रेंज गेलेली चालते, कॅमेऱ्याला नाही. शिवाय वायफायच्या कॅमेऱ्यालाही वीज लागतेच, म्हणजे वायर ओढायचीच. मग पीओईची एकच वायर ओढा, तीच वीज नेते आणि तीच चित्र आणते. त्यासाठी ८०२.३एएफ लिहिलेला स्विच घ्या. तो आधी समोरच्या उपकरणाला विचारून मगच वीज सोडतो, एका पोर्टला १५.४ वॉटपर्यंत. स्वस्तातले काही स्विच न विचारता थेट ४८ व्होल्ट सोडतात, तिथे चुकून दुसरं काही जोडलं गेलं तर ते जळू शकतं. केबल शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल दिसायला तशीच असते, पण लांब अंतरावर तिच्यात व्होल्टेज घटतं आणि कॅमेरा दिवसा चालतो, रात्री त्याचे लाल दिवे लागले की बंद पडतो. खोपटात किंवा गोठ्यात कुठे वायर नेणं शक्यच नसेल तर तिथे एखादा वायफायचा कॅमेरा चालेल. तो जोडताना फोन २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर असू द्या. असे बहुतेक कॅमेरे ५ गिगाहर्ट्झ ओळखतच नाहीत आणि क्यूआर कोड दहादा दाखवूनही जोडणी होत नाही, ती त्याच कारणाने.

फाटकापाशी पाचवा कॅमेरा लावायचा म्हणताय आणि अंतर १२० मीटर. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर आहे. मधे एक्स्टेंडर टाकता येतो, पण कोकणातल्या विजा बघता एवढी लांब तांब्याची तार उघड्यावरून घरात आणू नका. फाटकावर वीज असेल तर तिथपर्यंत फायबर न्या आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची वायर जोडणारा डबा) लावा. फायबरमधून विजेचा झटका घरात येत नाही. गेल्या काही पावसाळ्यांत एकाच तारेतून आलेल्या झटक्याने स्विच, रेकॉर्डर आणि टीव्ही एकदम गेलेली घरं मी पाहिलीत, आणि म्हातारी माणसं अंधारात बसलेली असताना ते दुरुस्त करायला जाणं मला फार लागतं. भिंतीत शिरण्याआधी प्रत्येक केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं, भोकात जात नाही.

पुण्यातून बघण्यासाठी काय करायचं? शिडीवाल्याने “पोर्ट फॉरवर्डिंग करून देतो” म्हटलं असेल तर नको म्हणा. त्याचा अर्थ घरातला रेकॉर्डर सगळ्या जगाला उघडा ठेवायचा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने कारखान्याचे साठेक ठरलेले पासवर्ड एकामागून एक लावून लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राऊटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना कल्पनाही नव्हती. तसंही बऱ्याच फायबर जोडण्यांवर आता पोर्ट फॉरवर्डिंग चालतच नाही, कारण कंपनी अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देते. राऊटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान दिसत असेल तर तुमचं तसंच आहे.

तुमच्यासाठी सोपा मार्ग असा. फक्त रेकॉर्डर कंपनीच्या अ‍ॅपला जोडा. चार कॅमेरे वेगवेगळे जोडू नका, त्यांच्यातली ही सोय बंदच करा. एक क्यूआर कोड, एक पासवर्ड, अ‍ॅपमध्ये चारही चित्रं. मग राऊटरमध्ये चारही कॅमेऱ्यांचं इंटरनेट बंद करा, पालकांच्या नियंत्रणाच्या पानावर ते होतं. कॅमेऱ्याला रेकॉर्डरपर्यंत पोचायला इंटरनेट लागत नाही. कंपनीच्या सर्व्हरवर भरवसा ठेवायचा नसेल तर घरी चालू राहणाऱ्या एखाद्या छोट्या संगणकावर टेलस्केल किंवा वायरगार्ड (बाहेरून घराच्या नेटवर्कशी खाजगी जोडणी करून देणारे प्रोग्राम) बसवता येतं. टेलस्केल त्या सामाईक पत्त्यामागूनही चालतं. मी माझ्या घरी तेच वापरतो, पण आई-बाबांच्या घरी ते सांभाळायला कोणी नसेल तर पहिलाच मार्ग बरा. फोनवर बघताना “सब-स्ट्रीम” निवडा. मोठं चित्र रेकॉर्डरसाठी, छोटं फोनसाठी.

बाबांसाठी वेगळा वापरकर्ता बनवा, ज्याला फक्त बघता येईल. मुख्य पासवर्ड तुमच्याकडे. यूपीएनपी नावाची खूण राऊटर आणि रेकॉर्डर दोन्हीकडे दिसेल, ती काढा, नाहीतर रेकॉर्डर तुम्हाला न विचारता स्वतःच दार उघडतो. पाचवा कॅमेरा घेताना त्याच्याकडे भारतातल्या सुरक्षा चाचणीचं प्रमाणपत्र आहे का ते दुकानदाराला विचारा. एप्रिल २०२५ पासून ते सक्तीचं आहे.

घड्याळाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण याकडे कोणीच बघत नाही. आमच्या गल्लीत एका घरासमोरून दुचाकी गेली. कॅमेरा समोरच होता, डिस्क चालू होती, पण पोलिसांनी विचारलेल्या पहाटेच्या वेळेत काहीच सापडेना. रेकॉर्डरच्या आतला नाण्याएवढा सेल संपला होता. दर वेळी लाइट गेली की त्याचं घड्याळ जुन्याच कुठल्यातरी तारखेला परत जायचं, आणि त्या रात्रीचं चित्रण भलत्याच तारखेखाली साठलं होतं. आम्ही चार तास बसून ते शोधलं. तुम्ही रेकॉर्डरमध्ये वेळ इंटरनेटवरून घेण्याची सोय चालू करा, टाइम झोन +५:३० ठेवा, आणि कॅमेऱ्यांना वेळ रेकॉर्डरकडून घ्यायला सांगा, कारण त्यांचं इंटरनेट आपण बंद केलंय. कधी पुरावा द्यायची वेळ आलीच तर पडद्याचं मोबाइलवर शूटिंग करू नका. मूळ फाइल पेनड्राइव्हवर काढा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा फाइलबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ते मूळ नोंदीशी जुळणारं लागतं.

डिस्कचा हिशेब छोटा आहे. एच.२६५ (चित्र दाबून साठवायची पद्धत) मध्ये एका कॅमेऱ्याला २ एमबीपीएस धरले तर चार कॅमेऱ्यांचे ८, म्हणजे दिवसाला साधारण ८६ जीबी. २ टीबीच्या डिस्कवर २३ दिवस मावतात. घराला तेवढे पुरेत.

शेवटी वीज. फायबरचा डबा आणि वरचा राऊटर बहुतेक १२ व्होल्टचेच असतील, अ‍ॅडाप्टरवर वाचून खात्री करा आणि दोघांना एकेक छोटा यूपीएस द्या. डबा झोपलाच नाही तर पत्ते वाटण्यातला तो मधला रिकामा काळच राहत नाही. पीओई स्विच आणि रेकॉर्डर घराच्या इन्व्हर्टरवर घ्या, तुमच्याकडे तो आहे असं तुम्ही लिहिलंय.

सगळं झालं की एका कागदावर चार ओळी लिहा: नंबर, जागा, पत्ता, मॅकचे शेवटचे चार आकडे. पासवर्ड त्यावर नको. तो कागद मीटरच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवा. मग बाबांना रेकॉर्डरसमोर बसवा, यूपीएस आणि इन्व्हर्टरही बंद करा, मेन स्विच पाडा, दहा मिनिटं थांबा आणि सगळं एकदम चालू करा. कुठल्याही वायरीला हात न लावता पाच मिनिटांत चारही चित्रं परत यायला हवीत. असं दोनदा करा. एखादा कॅमेरा मागे राहिलाच तर त्याचा नंबर आणि त्या क्षणी राऊटरच्या यादीत त्याच्यापुढे दिसणारा पत्ता मला कळवा, त्यावरून तो कुठे जाऊन बसलाय ते सांगतो.